काकूंचं छोटं सरकार

"अगं, इथे डासांचंसुद्धा वेगळं सरकार असतं!" शेजारच्या काकूंनी, आम्ही त्यांना सरकारवाल्या काकूच म्हणायचो, हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, बाई थट्टा करतेय. कसली थट्टा! आमच्या शिकागोजवळच्या गावात डासांना, बागांना, वाचनालयाला, आगीच्या बंबांना स्वतंत्र डिस्ट्रिक्ट, म्हणजे छोटं सरकारच. प्रत्येकाचं मंडळ वेगळं, टॅक्स वेगळा. काकूंना सगळं तोंडपाठ. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी बाजारात मेथी घेताना त्या अनोळखी बाईलाही विचारायच्या, "तुमची ॲम्ब्युलन्स कुठल्या डिस्ट्रिक्टची?" ती बिचारी जुडी टाकून पळायची.

एकदा बातमी आली, आमच्या कोपऱ्यावरचं फायर स्टेशन बंद होणार. काकांचं हार्ट अधू, आणि ॲम्ब्युलन्स तिथूनच यायची. आम्ही मराठी मंडळी नटूनथटून मेयरकडे गेलो, निवेदन दिलं, फोटोही काढले. मेयर म्हणाले, "फायर माझ्याकडे नाही." काकूंनी कपाळावर हात मारला. "मोठा साहेब दिसला की निघाले सगळे तिकडे! फायर डिस्ट्रिक्टची मीटिंग स्टेशनातच असते, बंबाशेजारी. चला."

तिथे लोकांसाठीच्या खुर्च्या रिकाम्या, समोर नुसतं मंडळ. काकूंनी काकांना पुढे बसवलं आणि ठसक्यात इंग्रजीत म्हणाल्या, "हे माझे मिस्टर. लांबून गाडी येईपर्यंत हे राहतील का, ते यांच्याकडे बघून सांगा."

निर्णय पुढे ढकलला गेला. फायर डिस्ट्रिक्टच्या पुढच्या निवडणुकीत काकू स्वतःच मंडळासाठी उभ्या राहिल्या आणि चक्क निवडून आल्या! मंडळातला एक गृहस्थ मात्र कायम कुरकुरायचा, "ही बाई नवऱ्यासाठी भांडते."

त्या थंडीत काका गेले. गाडी लगेच आली होती, गाडीवरच्या पोरांनी शर्थ केली, पण नाहीच. थोड्याच दिवसांत स्टेशनचा प्रश्न मंडळात पुन्हा मतदानाला आला. आम्हाला वाटलं, काकू आता कशाला येतात! पण त्या आल्या, नेहमीच्या खुर्चीत बसल्या.

"माझ्या घरी आता वाचवायला कोणी नाही," त्या गृहस्थाकडे बघत काकू म्हणाल्या. "आज तरी म्हणू नका, मी नवऱ्यासाठी भांडते. स्टेशन राहू दे."

स्टेशन राहिलं. त्या गृहस्थानंही हात वर केला. काय बाई होती!

नोकरीपायी मी जर्सी सिटीला निघाले, त्या सकाळी सायरन वाजला. काकू अंगणात बर्फ काढत होत्या. फावडं टेकवून, जाणाऱ्या ॲम्ब्युलन्सला मराठीतच म्हणाल्या, "जा रे बाबांनो, लवकर."

इथे दिवसभर सायरन वाजतात. माझ्याही तोंडून तेच निघतं.