दारात जाऊन दिलेलं कॅलेंडर

आमंत्रण कसं द्यावं हे जगात फक्त आमच्या थोरल्या साडूंना कळतं; बाकी आपण सगळे नुसते निरोप धाडतो. हे मूळचे थेरगावचे शेतकरी, आता चाकणच्या कंपनीत. घरातला प्रत्येकजण वेगळ्या शिफ्टला, कोण कधी सापडेल याचा पत्ता नाही, म्हणून मी त्यांच्या फोनवर सगळ्या नातेवाइकांसाठी मिळून एक कॅलेंडर काढून दिलं आणि ईमेलने आमंत्रणं पाठवायला बोट पुढे केलं. त्यांनी माझा हातच धरला. "पाव्हणं, असं आवतन देत्यात व्हय? दारात जावं लागतं." मग खिशात अक्षतांची पुडी घेऊन हा गृहस्थ स्कूटरवरून घरोघर हिंडला. त्यांचा काळेवाडीचा भाऊ नाइट शिफ्ट करून झोपला होता. त्याला उठवलं, कपाळाला कुंकू लावलं, समोर बसून त्याच्याकडून आमंत्रण स्वीकारायचं बटण दाबून घेतलं आणि साडू चहा पिऊनच निघाले.

कुणाला नुसतं बघू द्यायचं आणि कुणाला लिहूही द्यायचं, ते तुम्ही ठरवा, असं मी म्हटलं तेव्हा ते दुखावलेच. पंगतीला बसवायचं आणि वाढायचं नाही, असला प्रकार त्यांच्या घरात कधी झालेला नव्हता. सगळ्यांना सगळे अधिकार मिळाले. परिणामी एका भाच्याचा अंगठा लागून ग्रामदैवताची यात्रा पुढच्या महिन्यात गेली. "असू द्या, देवाची तक्रार न्हाई," एवढंच ते म्हणाले.

सल होता तो एकच. वाकडला राहणाऱ्या, आयटीतल्या लेकीने स्वतःचं कॅलेंडर त्यांना उघडून दिलं होतं, पण बघण्यापुरतं. त्यात सकाळपासून रात्रीपर्यंत नुसतं 'व्यस्त' लिहिलेलं. फोन करावा तर ती मीटिंगमध्ये. "दुपारचा एकबी चौकोन रिकामा न्हाई. पोर जेवती कवा?" असं ते मला विचारायचे. मी स्वतः टेबलावरच डबा उघडणारा माणूस, मी काय सांगणार.

शेवटी एका रविवारी मला मागे बसवून ते वाकडला गेले. लेकीने दार उघडलं आणि त्यांनी तिच्या हातावर अक्षता ठेवल्या. तिचा चेहराच उतरला. "अण्णा, लेकीला कुणी अक्षता देतं का?"

"तुझ्यात लिवायची परवानगी मागाया आलोय, बाई. नुसतं बघून जीव ऱ्हात न्हाई."

त्यांच्यासमोरच तिने फोन घेतला आणि परवानगी दिली, मग आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

तेव्हापासून तिच्या कॅलेंडरात रोज दुपारी दोन मीटिंगांच्या मध्ये अण्णांचा मजकूर असतो: 'जेवायला ऊठ.' तिचा साहेबही म्हणे त्या वेळेला काही लावत नाही. खोटं कशाला सांगू, मला तिचा हेवा वाटला. आई गेल्यापासून मला असं कुणी उठवलेलं नव्हतं. परवा मीही अक्षता घेऊन थेरगावला गेलो आणि माझं कॅलेंडर त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी बटण दाबलं, चहा पाजला, विचारलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात टेबलावरचा फोन वाजला. त्यावर लिहिलं होतं: 'पाव्हणं, तुमी बी.'