पाळण्याचा सिनेमा आणि आप्पांचा चेहरा

माझ्या वडिलांना आम्ही घरात आप्पा म्हणतो. खुटबावात आणि भावकीतही ते आप्पाच. पण तालुक्याबाहेर त्यांना जे कोणी ओळखतात ते 'आबा' म्हणतात, कारण सिनेमात त्यांचं नाव आबा होतं.

तो सिनेमा झाला तेव्हा मी कॉलेजात होते. पुण्याचा एक तरुण दिग्दर्शक मेंढपाळांवर पहिला सिनेमा करायचा म्हणून आमच्या भागात माणसं शोधत फिरत होता. भांडगावला हायवेच्या टपरीवर आप्पा कुणाशी तरी पाटाच्या पाण्यावरून तावातावानं बोलत होते. तो शेजारी बसून ऐकत राहिला आणि त्यांच्या गाडीमागोमाग घरीच आला. आमची मेंढरं जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, आप्पा ऊस आणि कांदा करत होते. पण त्याला नट नको होता, मेंढरांमागं चाललेला माणूस हवा होता. आप्पा नाही म्हणाले. मग आईच म्हणाली, जावा की, एवढं पोरगं उन्हातान्हात दारात आलंय. तेव्हा ते तयार झाले.

शूटिंग होतं तोवर तो आमच्याकडंच राहिला. आईच्या हातची भाकरी खायचा, आप्पांशेजारी ओट्यावर झोपायचा. आप्पा त्याला एकेरी हाक मारायचे. तो त्यांना सिनेमातल्या नावानं आबा म्हणायचा, आणि शूटिंग संपल्यावरही तेच नाव त्याच्या तोंडात राहिलं.

त्या सिनेमाच्या शेवटी आबा सगळी मेंढरं विकतो आणि मेंढरं कोंडायच्या रिकाम्या जाळीजवळ उभा राहतो. बोलत नाही, रडत नाही, नुसता बघतो. कॅमेरा त्या चेहऱ्यावरून हलतच नाही. सिनेमाला बक्षिसं मिळाली आणि त्या चेहऱ्याबद्दल लोकांनी पुष्कळ लिहिलं. खरं काय ते घरात आम्हाला ठाऊक होतं. त्या दिवशी दिग्दर्शकाला सणकून ताप भरला होता. तो जाळीपलीकडं घोंगडी पांघरून कुडकुडत बसला होता आणि आप्पा त्याच्याकडं बघत होते. ह्याला आधी दवाखान्यात न्यावं का शूटिंग करावं, एवढंच आपल्या मनात चाललं होतं, असं ते सांगायचे. आम्ही हसायचो.

पुढं मी कुरकुंभच्या एका औषध कंपनीत लॅबमध्ये लागले. तिथला एक सहकारी त्या दिग्दर्शकाचा कट्टर चाहता निघाला. त्यानं चाहत्यांचा मोठा ग्रुप चालवला होता. राज्यभरातली पोरंपोरी त्यात होती, त्याच्या सिनेमातल्या एकेका दृश्यावर तासन्‌तास बोलायची. मी 'आबांची' मुलगी आहे हे कळलं तेव्हा तो हातातलं काम ठेवून उभाच राहिला. मलाही ग्रुपमध्ये घेतलं. मला तिथं आवडायचं. आपल्या घराबद्दल शिकलेली माणसं इतकं चांगलं बोलतात, हे वाचून कुणाला आवडणार नाही?

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तो डबा न उघडता फोनकडं बघत बसला होता. मी विचारल्यावर त्यानं फोन माझ्यापुढं सरकवला. आमचा दिग्दर्शक हिंदीत सिनेमा करत होता. मुंबईकडच्या एका मोठ्या पार्कमधल्या राईडवर. ती राईड अशी, की खाणीतल्या ट्रॉलीत बसायचं, अंधाऱ्या बोगद्यातून जायचं, सांगाडे अंगावर येतात आणि शेवटी ट्रॉली धाडकन पाण्यात पडते. त्याची गोष्ट करायची, मोठा हिरो घ्यायचा. फोटोत तो पार्कच्या मालकाशेजारी उभा राहून हसत होता.

ग्रुपवर आधी सगळ्यांना ती अफवा वाटली. खरी आहे म्हटल्यावर जे सुरू झालं ते थांबेना. विकला गेला, मुंबईनं गिळला, आता पुढचा सिनेमा घसरगुंडीवर काढ. जी पोरं त्याचं नाव 'सर' लावल्याशिवाय घेत नव्हती, ती त्याच्या आईबापावर गेली. काही जण म्हणत होते की थांबा जरा, तो ह्यातूनही काहीतरी वेगळं काढेल. त्यांना बाकीचे बोलू देत नव्हते. शिव्या मला सहन झाल्या नाहीत, पण वाईट मलाही वाटलं होतं. आमच्या ओट्यावर झोपलेल्या माणसानं हे करावं, असं माझ्याही मनात आलं.

संध्याकाळी घरी सांगितलं तर आप्पांची कळी खुलली.

"पाळण्याचा सिनेमा? बरं केलं की," ते म्हणाले. "आपला बघताना बारकी पोरं झोपून जायची."

पार्कातल्या सगळ्या खेळांना ते पाळणाच म्हणतात. आई म्हणाली, आता तरी त्याला पोटभर मिळेल. दोघांनी तो विषय तिथंच संपवला.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी सिनेमातला एक फोटो फिरायला लागला. रिकाम्या जाळीजवळ उभे आप्पा, आणि वर लिहिलेलं, 'साहेब, आमचा सिनेमा कुठं गेला?' कुणी केला कळलं नाही. सहकाऱ्यानं तो ग्रुपवर टाकला होता. मी त्याला म्हटलं, हे माझे वडील आहेत, त्यांना असलं काही वाटत नाही, काढून टाक. तो ओशाळला, त्यानं लगेच काढला, सगळ्यांना विनंतीही केली. पण तोवर तो फोटो शंभर ठिकाणी गेला होता. दिग्दर्शकानं काहीही टाकलं, सणाच्या शुभेच्छा टाकल्या, तरी खाली आप्पांचा चेहरा. एकाखाली एक, पानभर. मी काही ठिकाणी लिहिलं की मी ह्यांची मुलगी, हे नाराज नाहीत. कुणीतरी उत्तर दिलं, ताई, आबा सगळ्या महाराष्ट्राचे आहेत.

आप्पांना फोन बोलण्यापुरता येतो. पण गावातली पोरं दाखवायचीच. एकदा पारावरून येऊन ते मला म्हणाले, "लोक मला त्याच्यावर सोडत्यात व्हय?" मी म्हटलं, चार दिवस चालेल, मग विसरतील. त्यांनी दिग्दर्शकाला फोन लावायला लावला. त्याच्या सहायकानं उचलला. सर शूटिंगमध्ये आहेत, निरोप देतो, म्हणाला. निरोप पोचला की नाही ते कळलं नाही.

मग शिरूरहून तीन तरुण मोटारसायकलींवर आले. चांगली पोरं होती, तेव्हा तसंच वाटलं आणि आजही वाटतं. वाकून पाया पडले, आईनं दिलेला चहा घेतला. आप्पांचे दोन शब्द रेकॉर्ड करायचे होते. मला वाटलं, बरं झालं, ह्यांच्या तोंडूनच लोकांना कळू दे. आप्पांनी धुतलेली टोपी घातली आणि पोरांपुढं बसून सरळ सांगितलं.

"त्यो मला पोरासारखा हाय. त्याला काय करायचं ते करू द्या. पाळण्यात बसायला कुणाला आवडत न्हाई? उगं त्याला बोलू नका."

एवढं बोलून ते गप्प झाले आणि कॅमेरा बंद व्हायची वाट बघत बसले.

व्हिडिओ आला तेव्हा त्यात 'त्यो मला पोरासारखा हाय' एवढंच होतं. नंतर आप्पांचं ते गप्प बसणं, मागं बासरी. खाली रडणाऱ्या लोकांची रांग. बापाला असं पारखं केलं म्हणून दिग्दर्शकाला नव्यानं शिव्या. मी त्या पोरांतल्या एकाला फोन केला. त्याला खरंच कळेना मी कशावर चिडले ते. तो म्हणाला, "ताई, आबा मोठ्या मनाचे म्हणून तसं बोलले. त्यांच्या मनातलं आम्ही ओळखलं." मी फोन ठेवला.

त्यात हिरोचे चाहते उठले. त्यांना वाटलं, हा म्हातारा आमच्या सिनेमाच्या मुळावर आलाय. त्यांनी आप्पांबद्दल जे लिहिलं ते मी घरात वाचून दाखवलं नाही. आईला शेजारणीकडून कळलंच. पुन्हा कुणी कॅमेरा घेऊन दारात आलं तर चहासुद्धा देणार नाही, असं तिनं सांगून टाकलं.

हिवाळ्यात कंपनीची सहल निघाली, घरच्यांना घेऊन. जागा नेमकी तेच पार्क. मी नको म्हणत होते. आप्पाच म्हणाले, चल, बघू तरी त्यानं कशावर एवढं डोकं लावलंय ते. आई आली नाही.

राईडच्या रांगेत ते नातवाच्या वयाच्या पोरांमध्ये टोपी सांभाळत उभे होते. ट्रॉलीत बसलो. बोगद्यात सांगाडा अंगावर आला तशी त्यांनी माझ्या दंडाला गच्च धरलं, आणि मग मी त्यांना हसताना ऐकलं. पाण्यात पडेपर्यंत ते हसतच होते. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. खाली उतरल्यावर म्हणाले, पुन्हा बसू. आम्ही पुन्हा बसलो.

बाहेर एका जोडप्यानं त्यांना ओळखलं. सेल्फी मागितला. मुलगी आदबीनं म्हणाली, "आबा, जरा तसं बघा ना, सिनेमातल्यासारखं." आप्पा भिडस्त. त्यांनी राईडच्या नावाच्या पाटीपुढं उभं राहून तोंड गंभीर केलं. आम्ही बसमध्ये चढेस्तोवर तो फोटो सगळीकडं झाला होता. आपल्या सिनेमाचा घात कशानं केला ते बघायला आबा स्वतः गेले, असं लोक लिहीत होते.

पार्कवाले राईडवरच्या माणसांचा फोटो काढतात आणि बाहेर विकतात. आमचाही काढला होता. आप्पांचं तोंड उघडं, पुढचे पडलेले दात दिसतायत, टोपी हातात, आणि डोळ्यांत पाणी येईतो हसतायत. बसमध्येच मी तो ग्रुपवर टाकला. लिहिलं, हे खरे आप्पा, आज, त्याच राईडवर. मग एकानं लिहिलं की हा एआयनं बनवलाय, हात बघा. दुसऱ्यानं लिहिलं, पार्कवाल्यांनी घरच्यांना हाताशी धरलंय. सहकारी माझ्या बाजूनं भांडला. तो सहलीला होता, त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यालाच ग्रुपमधून काढा म्हणायला लागले, त्याच्याच ग्रुपमधून. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तो मला म्हणाला, मॅडम, माझ्या हातात काही राहिलं नाही.

सिनेमा लागायच्या थोडं आधी एका दुपारी दिग्दर्शकाचा फोन आला, माझ्या फोनवर. आप्पा वैरण तोडत होते. मी धावत बांधावर गेले आणि स्पीकर लावून फोन त्यांच्यापुढं धरला.

आधी त्यानं आईची तब्येत विचारली. मग थांबला आणि म्हणाला, "आबा, तुम्ही माझ्यावर नाराज आहात, मला माहितीये."

"न्हाई रं बाबा. कोण म्हणतं?"

"तुम्ही बोलणार नाही. तुमचा स्वभावच नाही तो. पण मी तो चेहरा रोज बघतोय, आबा. रोज."

"आरं, त्यो चेहरा..." आप्पा अडखळले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुला ताप आल्ता तवा. आठवत न्हाई का? मी तुझ्याकडंच बघत हुतो."

"हो, आठवतं की," तो म्हणाला. पण ज्या आवाजात म्हणाला त्यावरून कळलं, म्हातारा आपल्याला सांभाळून घेतोय असंच त्याला वाटतंय. "तुमचा हक्क आहे रागवायचा. मला त्याचं काही नाही," असं म्हणून, तिकडं कुणीतरी बोलावतंय म्हणून त्यानं फोन ठेवला.

आप्पा विळा हातात घेऊन उभे राहिले. लोकांचं लोकांपाशी. पण तो आमच्या ओट्यावर झोपलेला माणूस होता, आणि त्यानंही त्यांचं ऐकलं नाही. ते एवढंच म्हणाले, "त्याला पटलं न्हाई." आणि पुन्हा वाकून वैरण तोडायला लागले.

सिनेमा दौंडला लागला तेव्हा मी त्यांना पहिल्याच आठवड्यात घेऊन गेले. आम्ही अर्धवट भरलेल्या थिएटरात मधल्या रांगेत बसलो. आप्पांनी कुणी ओळखू नये म्हणून टोपी काढून मांडीवर ठेवली होती, उपरणं कानाला गुंडाळलं होतं. सिनेमा वाईट नव्हता. पोरं ओरडत होती, हसत होती. पण आमच्या दिग्दर्शकाचा म्हणावा असा एकही क्षण मला सापडला नाही, आणि मी शोधत होते. आप्पा सबंध वेळ ताठ बसून बघत होते. हिंदी त्यांना बेताचीच कळते.

बाहेर आल्यावर आम्ही स्टेशनाकडं चालायला लागलो. वाटेत त्यांनी मला विचारलं, "तुला आवडला का?"

मी म्हटलं, ठीक होता.

"बोगद्यातलं बरं हुतं," ते म्हणाले. "बाकी काय मला रुचलं न्हाई. जीव न्हाई त्यात." आणि लगेच रस्त्यावर कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून मागं वळून पाहिलं. "हे कुठं बोलू नगंस. आईलाबी न्हाई."

मी नाही बोलणार, असं त्यांना सांगितलं. आमची गाडी लागलेलीच होती. चढल्यावर त्यांनी खिडकीची जागा घेतली आणि खुटबाव येईपर्यंत बाहेर तोंड करून बसले.