पर्समधला संपलेला सेल

शाळा सुटल्यावर चालणाऱ्या विज्ञानाच्या वर्गांची तपासणी करणं हे वहिनींचं काम. घरीदारी त्यांना सगळे वहिनीच म्हणत. ऑफिसात पाठीमागे काय म्हणत, ते त्यांना ठाऊक होतं आणि पटतही होतं.

पाहुणे येणार म्हटलं की पोरं पोपटासारखी बोलतात आणि दिवे बिनचूक लागतात, हे त्या कोळून प्यायल्या होत्या. म्हणून त्या पर्समध्ये एक संपलेला सेल बाळगत. कुणाचं लक्ष नाही असं बघून मुलांच्या तारा-बल्बच्या मांडणीतला चांगला सेल काढायचा, आपला घालायचा आणि हाताची घडी घालून बसायचं. बहुतेक ठिकाणी सर धावत येत, मुलं मुकाट बाजूला होत. त्या वर्गांचं पुढे काही खरं नसे.

या खेपेला वर्ग होता त्यांच्या नणंदेचा. नापास झाला तर बंद, आणि नणंदेचा सगळा जीव त्यात. "दुसऱ्या कुणाला तरी पाठवा," असं वहिनींनी साहेबांना सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, "दुसरं आहे कोण?" त्यात सेलची गंमत वहिनींनीच जेवताना घरात रंगवून सांगितलेली. नणंदेनं मुलांना आधीच पढवून ठेवलं असेल तर?

वहिनींनी सेल बदलला. मुलांनी बटण दाबलं, बल्ब लागेना. नणंद खिडकीपाशी उभी होती, ती ढिम्म हलली नाही. मुलांनी तारा घासल्या, बल्ब बदलला, एकमेकांवर खापर फोडलं. सेलवर कुणाचाच संशय नव्हता, तो तर नवा कोरा होता. वेळ संपत आली तशी वहिनी सारख्या घड्याळाकडे बघू लागल्या. पढवलं असतं तर बरं झालं असतं, असं क्षणभर वाटून गेलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

शेवटी एक मुलगी बाकावर चढली. तिनं भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, त्यातला सेल काढून मांडणीतला घातला. काटा हलेना.

"सेलच गेलाय," ती म्हणाली, आणि घड्याळाच्या सेलवर बल्ब लावून मोकळी झाली.

वर्ग चालू ठेवावा, असं वहिनींनी लिहून टाकलं. संध्याकाळी नणंद स्वयंपाकघरात आली आणि तिनं हात पुढे केला.

"वहिनी, सेल द्या."

"कुठला गं?"

"माझा नवा. शाळेतलं घड्याळ बंद पडलंय."

वहिनींनी गुपचूप पर्स उघडली. "म्हणजे तू पाहिलंस! मग पोरांना सांगायचं नाही का? वर्ग गेला असता ना तुझा."

"सांगितलं असतं, तर तेव्हाच गेला असता," नणंद म्हणाली आणि सेल घेऊन निघाली.