पाच बाटल्यांची एक बरणी

सरांवर चिडून किती वर्षं झाली! आता खरं सांगायचं तर जास्त चीड माझीच येते.

जळगावला पीएच.डी. करत होते. विषय साधा: मँगनाइट नावाच्या काळ्या भुकटीचा कण बारीक केला की तिचं चुंबकत्व किती घटतं. कणाच्या आतले अणू शिस्तीत राहतात, कडेचे बिथरतात. कण जितका बारीक, तितका कडेचा हिस्सा जास्त. भट्टीत जितकं कडक भाजावं, तितका कण मोठा होतो. म्हणून पाच वेगवेगळ्या भाजण्या, पाच बाटल्या. मधेच वीज गेली की सगळं फेकायचं आणि पहिल्यापासून सुरू. जीव गेला नुसता. मोजणीचं यंत्र परगावी. महिनोन्‌महिने थांबून नंबर लागला होता आणि पीएच.डी.ची मुदत संपत आली होती.

त्याच आठवड्यात कॉलेजात तपासणी समिती आली. मी दोन दिवस पिंपळनेरला घरी गेले होते. परत येऊन बघते तर टेबलावर काचेची मोठी बरणी, वर छापील चिठ्ठी: 'नॅनो पदार्थ'. माझ्या पाचही बाटल्या धुऊन पालथ्या घातलेल्या.

सर म्हणाले, "अगं, टीचभर बाटल्या काय दाखवायच्या पाहुण्यांना? काळी भुकटीच ना सगळी! समिती खूश झाली बघ."

माझा मार्गदर्शक म्हणे हा माणूस! डोळ्यांना पाचही सारख्याच काळ्या दिसतात, म्हणून तर मोजायच्या होत्या. मी रडले, भांडले. सर घड्याळ बघत म्हणाले, "आलेख कसा यायला हवा, ठाऊक आहे ना तुला? मग काढ की. आता नव्यानं करायला वेळ कुठाय?"

दुसऱ्या दिवशी आबांचा, माझ्या वडिलांचा, फोन आला. "बठ्ठं व्हयनं ना, बेटा?" पोरगी डॉक्टर होणार म्हणून त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं. हो, सगळं झालं, मी म्हटलं. मग मोजणीला न जाताच पाच आकडे लिहिले. हात धरून कुणी लिहवले नाहीत, मीच लिहिले. बाहेरच्या परीक्षकांनी आलेखाचं कौतुक केलं, पेढे वाटले गेले, झालं.

आता धुळ्याला शिकवते. मागच्या महिन्यात माझी एक विद्यार्थिनी माझाच प्रबंध घेऊन आली. तिचं काम त्याच भुकटीवर, आणि तिनं खरंच मोजलेलं.

"मॅडम, माझा चौथा बिंदू खालीच येतो. तुमची रेघ कशी सरळ वर जाते! तीनदा नव्यानं भाजून पाहिलं. माझंच काहीतरी चुकतंय हो." बोलता बोलता तिला रडू फुटलं.

तिचं काही चुकत नव्हतं. एवढंच एक वाक्य बोलायचं होतं मला.

"परत एकदा भाजून बघ," मी म्हटलं. तिनं डोळे पुसले, मला थँक्यू म्हणाली आणि भट्टी लावायला गेली.