टोचामामांचा शब्द

टोचामामा कुणाच्याही घरी गेले की आधी दाराच्या चौकटीला अणकुचीदार टोचा लावून लाकूड मऊ पडलंय का ते बघायचे, मगच पाणी प्यायचे. सुतारकाम करणारे हे गृहस्थ मिठागराजवळच्या गावातून सायकलने आगाशीला येत. खरं नाव आमच्याकडे कुणी वापरत नसे.

आमचं आगाशीचं कौलारू घर त्यांनी तीस वर्षं सांभाळलं, तेही एका गोणपाटाच्या पिशवीवर. त्यात टोचा, पटाशी, हातोडी, लहान करवत आणि लांबी भरायची पत्ती. सगळं बाजारातलं, स्वस्तातलं. नोकरी लागल्यावर मी त्यांना ड्रिल मशीन आणून दिलं. त्यांनी ते पुसून परत खोक्यात ठेवलं. म्हणाले, "याच्या आवाजात लाकूड काय सांगतं ते ऐकू येत नाय."

वाळवी दिसली की कुजलेलं तेवढंच कोरायचं आणि भुसा-सरस कालवून भरायचं, ही त्यांची रीत. "औषध थोडं, पन वेळेवर." मीही ते काम त्यांच्याकडूनच शिकलो.

वडील गेल्यावर आई तिथं एकटी राहायची. बिल्डर दोन वर्षं खेटे घालत होता. आई त्याला दारातूनच परत पाठवी. मी गोखिवऱ्याच्या फ्लॅटमधून फोनवर तिला सांगायचो, घर द्यायचं नाही. मग एका मे महिन्यात मामांनी मधल्या तुळईला टोचा लावला, तो पुसून पिशवीत ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, तुळई आतून पोकळ झालीय. इथं राहू नका."

आईने एकही प्रश्न विचारला नाही. महिन्याभरात सह्या करून ती माझ्याकडे राहायला आली.

घर पाडताना मी हजर होतो. मजुरांनी तुळई कापली. आत लालसर, घट्ट सागवान. वाळवीची रेघसुद्धा नव्हती. मामांना बिल्डरने फितवलं, असंच माझ्या मनात आलं आणि मी तडक त्यांच्या गावी गेलो.

त्यांनी काही नाकारलं नाही. तुळई धडधाकट आहे हे त्यांना ठाऊक होतं. बिल्डरच्या माणसाला त्यांनी ओट्यावरही बसू दिलं नव्हतं. पण त्यांना वर चढलं की चक्कर येऊ लागली होती. एकदा कौलं चाळताना ते अर्ध्यातून खाली उतरले, तर सत्तरीची माझी आई पदर खोचून शिडी चढली आणि उरलेली कौलं तिनंच बसवली. घर आहे तोवर ती पुन्हा चढणार, हे त्यांना तेव्हाच कळलं.

"मग मला सांगायचं होतंत, मामा. खोटं का बोललात?"

"तुला कधी सांगू? तू येत होतास का?"

मी तसाच निघालो. पुन्हा गेलो नाही. पुढच्या वर्षी ते वारले, तेही लोकांकडून कळलं. ज्यांच्या एका शब्दावर आम्ही त्या छपराखाली निर्धास्त झोपलो, त्यांनीच फसवावं, हे मला अजून सोसत नाही.

आई पाहुण्यांना सांगते, टोचामामा नसते तर मी त्या तुळईखाली मेले असते. मग माझ्याकडे बघते. मी हो म्हणतो.