दुपट्यातलं लोखंड

भित्रा म्हणून मला आमच्या साखर कारखान्यात कुणी ओळखत नव्हतं. मी फिटर. बॉयलरच्या पोटात शिरून पाइप बदलणारा, तोंडानं फटकळ, चेअरमन समोर आला तरी जे वाटेल ते बोलून टाकणारा. पण औरंगाबादच्या विमानतळावर एकदा मी जन्मात भ्यालो नव्हतो इतका भ्यालो. हे सांगायची मला आज लाज वाटत नाही.

पोरगी आमची आठ महिन्यांची होती. जन्मतःच काळजात भोक. रडली की ओठ निळे पडायचे, मग नखं. बीडच्या डॉक्टरांनी एकच गोष्ट तीनतीनदा बजावली होती, हिला रडू द्यायचं नाही. आणि रडून निळी पडलीच, तर दोन्ही गुडघे तिच्या पोटाशी दाबून धरायचे, रंग परत येईपर्यंत सोडायचे नाहीत. आठ महिने आम्ही घरात भांडं आपटू दिलं नाही. मिलच्या खडखडाटातही ज्याचा आवाज ऐकू जायचा तो मी, घरात कुजबुजत होतो.

मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनची तारीख मिळाली. ती हुकली तर पुढची चार महिन्यांनी, आणि तेवढा वेळ हिच्याकडं नाही, हे डॉक्टर माझ्याकडं न बघता बोलले. दहा-बारा तासांची एसटी तिला सोसणार नव्हती. मग आमच्या कामगार पतसंस्थेनं विमानाची तिकिटं काढायचं ठरवलं. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. ऊस नाही, गाळप बंद. शिरूरकडची माणसं कोयते घेऊन लांबच्या मुलखात गेलेली, आणि आमचं धुराडं नुसतं उभं. तरी त्या लोकांनी मीटिंग घेतली आणि एकानंही नाही म्हटलं नाही. जाण्याचीही आणि येण्याचीही तिकिटं काढली, तिघांची. येण्याची तिकिटं बघून मला हुंदका आला.

आमच्या खात्यातल्या वेल्डरनं मात्र निघायच्या आधी डोक्यात किडा सोडला. "खिसे तपास बे आधी," तो म्हणाला, "तुझ्या खिशात अर्धं वर्कशॉप असतंय. साधा पेचकस सापडला तरी आत टाकतात. मंग तू हितं, अन् इमान मुंबईला."

खोटं नव्हतं ते. गाळप बंद असल्यामुळं मी गावोगावचे हापसे दुरुस्त करत फिरायचो, तलवाड्यापासून लिंबागणेशपर्यंत. पाणी खोल गेलेलं, बाया घागरी घेऊन उभ्या असायच्या, त्यामुळं पाना घरी राहिला असं म्हणायची सोय नव्हती. दहा-अकराचा पाना, टेस्टर, छोटी पक्कड कायम अंगावर. एक सुरीही असायची, तुटलेल्या हॅक्सॉ ब्लेडला ग्राइंडरवर धार लावून मी स्वतः केलेली, मुठीला काळी टेप गुंडाळलेली. लई लाडकी. ती मात्र पोरगी झाली त्याच सुमारास हरवली होती. टर्नरनं ढापली असं म्हणून मी त्याच्याशी कचाकचा भांडलो होतो आणि आमचं बोलणं बंद होतं.

निघायच्या सकाळी मी सगळे खिसे उलटे करून झटकले. पाना, टेस्टर, पक्कड खुंटीवरच्या पिशवीत टाकली. बायको म्हणाली, "अवो, किती येळा बघताय? आता कातडं काढून ठिवा." माय दारात उभी होती. तिनं पोरीला दुपट्यात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "ह्या दुपट्यातून हिला काढू नगंस, बाबा. ऑपरेशनपतोर न्हाई." मला वाटलं, थंडीसाठी म्हणत असेल. मी हो म्हटलं.

विमानतळावर सगळं गुळगुळीत होतं आणि तेच मला आवडलं नाही. फरशी इतकी चकचकीत की पोरीला घेऊन घसरलो तर काय, ही पहिली भीती. मग रांग. बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी. पोरगी माझ्याकडं होती आणि झोपली होती. मी पट्टा काढला, चावी काढली, चिल्लर काढली, करदोट्याचं काय करायचं हेही विचारलं. पुढचा गणवेशवाला हसला. मी धातू हुडकणाऱ्या त्या चौकटीतून पोरीला छातीशी धरून पाय टाकला आणि चौकट वाजली.

त्यानं हातातली पट्टी माझ्या अंगावरून फिरवली. काही नाही. पोरीच्या दुपट्यावरून फिरवली आणि पट्टी किंचाळली.

"इस में क्या है?"

"बच्ची है, साब."

"खोलो."

"सो रही है, साब. रोई तो..." पुढं मला हिंदीत शब्दच सापडेना. मराठीतही सापडला नसता. मी तिच्या ओठांकडं बोट दाखवलं. तेवढ्यात दुसरा एक आला, त्यानं दुपट्याचा काठ चाचपला आणि टेबलाकडं बोट केलं. पोरीला तिथं ठेवून मी दुपटं उलगडलं. काठाला आतून एक कापडी पट्टी शिवलेली होती, बारीक टाक्यांनी, मायच्या हाताचे टाके मी कुठंही ओळखीन. गणवेशवाल्यानं टाके उसवले आणि आतून माझी सुरी बाहेर आली. काळ्या टेपची.

अरे देवा! म्हणजे, आमच्या घरात देव म्हणायची पद्धत नाही. बापानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर घरातले टाक, अंगारे, गंडेदोरे गोणीत भरून नदीला सोडले होते. पोरगी झाली तेव्हा मायनं बाळंतिणीच्या उशाला विळा ठेवला, लोखंड असलं की बाळाला काही शिवत नाही म्हणून. मी तो उचलून अंगणात फेकला आणि सगळ्या क्वार्टरला ऐकू जाईल असा तिला बोललो. आपल्या घरात हे थोतांड चालणार न्हाई, म्हटलं. ती गप्प बसली. मला वाटलं, समजली. तिनं फक्त लोखंड बदललं होतं, आणि जागा. मी त्या दिवशी तोंड आवरलं असतं तर विळा उशालाच राहिला असता आणि घरीच राहिला असता.

"बच्चे के कपडे में चाकू?" आता तिथं चार गणवेश जमले होते. एकानं सुरी उजेडात धरली. धार मीच लावलेली, चांगली लागली होती. एरवी मला अभिमान वाटला असता. "किसने बनाया?"

"मैंने," मी म्हणालो. खरं बोलायची खोड, दुसरं काय! त्या शब्दासरशी त्यांचे चेहरे बदलले. एकानं माझा दंड धरला.

आणि पोरगी उठली. टेबलाचा गार पत्रा पाठीला लागला असणार. तिनं डोळे उघडले, चार अनोळखी तोंडं बघितली, आणि ओठ काढला. मी म्हणत होतो, नको गं, नको माझे बाई. ती रडली. एकदाच मोठ्यानं, मग आवाज बंद, नुसतं तोंड उघडं. ओठ निळे झाले. मग नाकाभोवती, मग बोटं. दंड धरलेला हात मी कसा झटकला मला आठवत नाही. त्या टेबलावर, ट्रे आणि बॅगांच्या मधे, मी तिचे गुडघे पोटाशी दाबून धरले आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठमोठ्यानं रडलो. बायको पलीकडून धावत आली, तिच्या हातात डॉक्टरांचं पत्र होतं. ते ती हवेत हलवत होती आणि "माजं लेकरू, माजं लेकरू" एवढंच म्हणत होती. कुणीतरी पळत ऑक्सिजन आणायला गेलं.

किती वेळ गेला, माहीत नाही. मला तर भिंतीवरच्या घड्याळातले काटे थांबल्यासारखे वाटले. मग पोरीनं एक उचकी दिली आणि ओठांचा रंग जांभळा झाला, मग हळूहळू मातकट गुलाबी. मी गुडघे सोडायला तयार नव्हतो. तो दंड धरणारा गणवेशवालाच म्हणाला, "छोडो अब, ठीक है. ठीक है, भाई."

त्यांचे मोठे साहेब आले. पत्र वाचलं, माझ्या हाताचे घट्टे बघितले, विचारलं काय काम करतोस. शुगर फॅक्टरी, फिटर, म्हटलं. सुरी कशाला, विचारलं. आता काय सांगणार? "मेरी मां ने रखी. लोहा है तो बच्चे को कुछ नहीं होता, ऐसा वो बोलती." माझ्या तोंडून हे वाक्य निघालं आणि ते बोलताना मला ते खोटं वाटलं नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं, माझी सही घेतली, सुरी एका डब्यात टाकली आणि जायला सांगितलं. डब्यात ती टणकन वाजली.

बायको जागची हलेना. "आता हिच्याजवळ लोखंड न्हाई," ती म्हणाली. तिलाही ठाऊक होतं तर! दोघींनी मिळून केलेलं. मी खेकसणार होतो, तेवढ्यात आमच्या विमानाचा पुकारा झाला. "चल," म्हटलं, "इमान सुटंल." विमानात ती आख्खा वेळ पोरीच्या नाकाशी बोट धरून बसली होती आणि मी तिच्या बोटाकडं बघत होतो.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झालं. आम्ही बाकड्यावर. बायको एकदाच बोलली, "ते लोखंड कावून फेकू दिलं तुमी?" दुपार कलल्यावर डॉक्टर बाहेर आले. भोक बुजवलंय, म्हणाले, ठोके चांगले आहेत. मग मला समजावं म्हणून सांगायला लागले, छातीचं हाड मधोमध कापावं लागतं, ते परत जुळवून तारेनं बांधलंय.

"कसली तार?" मी विचारलं. फिटरची जात.

"स्टीलची. ती आता काढायची नाही. कायमची आत."

बायकोनं माझा हात धरला. "म्हंजी लोखंडच ना?" मी म्हटलं, लोखंडच. तिनं डोळे मिटून घेतले. मी भिंतीकडं तोंड केलं.

परतीच्या दिवशी मुंबईच्या विमानतळावर पुन्हा तीच चौकट. पोरगी जागी होती, गालावर रंग होता, आणि मी नखशिखांत घामानं भिजलो होतो. आता वाजणार, मग छाती उघडून दाखवा म्हणणार, मग टाके, मग रडणं. दवाखान्याचा कागद मी दाताखाली धरला होता. पाय टाकला. चौकट गप्प. हातातली पट्टी तिच्या छातीवरून फिरली, पुन्हा फिरली. गप्प. जाओ, म्हणाला.

मी सुटकेचा श्वास टाकला, तर पलीकडं उभ्या बायकोचा चेहरा पांढराफटक. तिनं पोरीला माझ्याकडून ओढून घेतलं, सदऱ्यावरून तिच्या छातीवर तळहात ठेवला आणि म्हणाली, "वाजलं न्हाई. अवो, वाजलं कावून न्हाई? हाय ना ते आत?"

"हाय," मी म्हणालो.