चढताना गाडी, उतरताना आंबे

मुकादमचा फोन सकाळी सव्वानऊला आला. "मास्तर, लवकर या. भाई उठत नायत." मी चपला अडकवून दोन घरं ओलांडली. ओटीवरच्या खुर्चीत अरविंद खेडेकर, म्हणजे आमचे भाई, बसलेले होते. पायात बूट, खिशात मोजणीची टेप, मांडीवर वही. आणि दारासमोर अर्धी गल्ली अडवून एक पांढरीशुभ्र, अगडबंब फोर व्हील ड्राइव्ह गाडी उभी होती. मुकादम शोरूममध्ये गाड्या विकतो. त्या दिवशी साडेनऊला भाईंची टेस्ट ड्राइव्ह होती. डॉक्टर आले, त्यांनी नाडी बघितली, चष्मा काढला... भाई गेले होते. तेसुद्धा बूट घालून, वेळेआधी तयार होऊन.

दुपारपर्यंत माणसं जमली. गाडीला वळसा घालून, अंग चोरून आत येताना जो तो तिच्याकडे बघे आणि भाईंच्या पत्नीला, आमच्या वहिनींना म्हणे, "अखेर घेतली म्हणायची! पण सुख लाभलं नाही हो." एका आतेभावाने तर बॉनेटवर हात ठेवून डोळे पुसले. मुकादम कोपऱ्यात घामाघूम उभा होता. गाडी बाराला परत न्यायची होती आणि ते सांगायचं कुणाला? शेवटी तो माझ्या कानाशी लागला. "मास्तर, दारावर हाताएवढ्या अक्षरांत टेस्ट ड्राइव्ह लिवलंय. एक माणूस वाचील तर शपथ!"

भाई मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या. त्यातून त्यांचं असं मत झालं होतं की निर्णय दिला की एक पक्ष अपिलात जातोच, तेव्हा निर्णय शक्यतो पुढच्या तारखेला द्यावा. त्यांची स्वतःची जमीन गणपतीपुळ्याच्या रस्त्याला, सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर. हापूसची साठेक कलमं आणि एक विहीर. डांबरी रस्ता पायथ्याशी संपतो. तिथून वर किलोमीटरभर जांभ्याची चढण. आधी सुटी खडी, मग फणसाजवळचं जेमतेम गाडीभर रुंदीचं वळण, शेवटी कातळाची उघडी पाठ. लग्न झाल्यावर पहिली चार वर्षं वहिनींनी डोक्यावरून पाणी नेऊन ती कलमं जगवली. विहीर नंतरची. तिच्या काठचं कलम त्यांनी स्वतःच्या हाताने लावलेलं, बागेतलं पहिलं. पुढे गुडघे गेले आणि त्यांचं वर जाणं थांबलं. नऊ वर्षं त्यांनी त्या झाडाचे आंबे खाल्ले, झाड बघितलं नाही. भाईंनी शब्द दिला होता, "बागेपर्यंत चढेल अशी आपली गाडी घेऊ. तुला विहिरीजवळ उतरवीन." माणूस शब्दाचा पक्का. गाडी कुठली, एवढंच ठरायचं बाकी होतं.

आणि मग भाईंनी तुलना सुरू केली.

वहीत आडवे रकाने होते. चाकांची उंची, जमिनीपासून पोटाची उंची (कंपनीने सांगितलेली आणि भाईंनी टेपने मोजलेली, वेगवेगळी), लो गिअर आहे की नाही, वळण एका दमात की मागेपुढे करून, क्रेट किती मावतात, पार्ट रत्नागिरीत मिळतो की कोल्हापूरला जावं लागतं, नाक्यावरचा मिस्त्री पाना मारून दुरुस्त करील का. 'उंदीर' असाही एक रकाना होता. पावसाळ्यात उंदीर गाडीत शिरून वायरी कुरतडतात. भाईंचं म्हणणं, गाडी जेवढी शहाणी तेवढ्या वायरी जास्त, आणि जेवढ्या वायरी तेवढे उंदीर सुखी. शेवटचा रकाना 'शेरा'. सरकारी वहीला शेरा लागतोच. तो मात्र प्रत्येक पानावर कोरा. मी विचारलं तर म्हणाले, "शेरा मालकाने द्यायचा, मास्तर. तपासणाऱ्याने नाही."

परीक्षा त्या चढणीवरच व्हायची, आणि व्हायची फक्त एप्रिल-मे महिन्यांत. मुकादम, त्याचा ड्रायव्हर, भाई आणि साक्षीदार म्हणून मी. चढताना गाडीची परीक्षा, उतरताना मागे आंब्यांचे क्रेट. पहिली गाडी हलकी, आखूड. खडीवरून बकरीसारखी गेली, पण क्रेट मावले चारच. भाईंनी लिहिलं, "गुणी. पोट लहान." दुसरी जडशीळ, डिझेलवर चालणारी. लो गिअर टाकला की म्हशीसारखी, कुणाची पर्वा न करता चढायची. मात्र फणसाच्या वळणाला एकदा मागे घ्यावी लागे, आणि मागे दरी. त्या वेळी भाई खाली उतरून टेपने वळण मोजायचे. मी खाली उतरून फणसाची पानं मोजायचो. तिसरीला गिअरच्या जागी गोल चकती होती. चिखल, वाळू, दगड, बर्फ, हवं ते चित्र निवडा, बाकी गाडी बघून घेईल. भाईंनी चष्मा लावून सगळी चित्रं तपासली आणि विचारलं, "जांभ्याचं बटण कुठाय?" मुकादम म्हणाला, "दगडावर ठेवा भाई, जांभा म्हणजे दगडच की." भाई म्हणाले, "हे ज्याला वाटतं, त्याने कोकणात गाडी विकू नये."

मुकादमचंही कौतुक करायला हवं. इतक्या वर्षांत त्याने तीन शोरूम बदलली आणि प्रत्येक वेळी तत्त्वंही बदलली. "काय रे, मागच्या साली तर म्हणालास त्या गाडीला तोड नाही?" असं भाईंनी विचारलं की तो शांतपणे सांगायचा, "तेव्हा मी तिकडे होतो ना, भाई." चौथ्या वर्षी त्याला एक शंका आली. "भाई, पावसाळ्यात कधी टेस्ट घेत नाय तुम्ही?" भाई म्हणाले, "पावसाळ्यात काय उतरवायचं?" यावर मुकादम इतका हसला की ड्रायव्हरने गाडी थांबवली. त्यानंतर तो मे महिन्यात स्वतःहून फोन करायचा, "भाई, आंबे तयार झाले का? नवीन मॉडेल आलंय." दर खेपेची पहिली पेटी त्याच्या घरी जायची.

तुम्ही म्हणाल, मग वहिनींना टेस्टच्याच गाडीतून का नेलं नाही? विचारलं होतं. मुकादमने स्वतः हात जोडले, "भाभी, पुढच्या सीटवर बसा, आरामात नेतो." वहिनी दारातूनच म्हणाल्या, "लोकाच्या गाडीतून फुकट जायला मी काय आंब्याची पेटी आहे?" आणि भाईंकडे वळून, "तुम्ही करा हो तुमची तुलना. गुडघे काय, थांबतील." भाईंनी त्या दिवशी चढणीवर टेपही काढली नाही.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. तीन वर्षांपूर्वी भाईंचं ठरलं होतं. संध्याकाळी माझ्याकडे आले, चहा अर्धा ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, ती जड घेतो. वळणाला मागे घ्यावी लागली तर लागली. तुमच्या वहिनीला वर न्यायला हवं." मी काय म्हणावं? मी म्हटलं, "दिवाळीला नवी येतेय म्हणतात. वळणाला चांगली आहे. थांबून बघा." भाईंचा चेहरा खुलला. मला गाड्यांतलं काही कळत नाही. मे महिन्यातले ते रविवार मला हवे होते, इतकंच. गाडी आली असती तर साक्षीदाराची गरज उरली नसती... हे मी वहिनींना अजून सांगितलेलं नाही. हा लेख त्या वाचतीलच.

शोकसभा झाली. निवृत्तांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी भाईंचं वर्णन 'वाहन क्षेत्रातील चालते-बोलते विद्यापीठ' असं केलं. ज्याच्या दारात सायकलशिवाय कधी वाहन नव्हतं, त्या विद्यापीठाच्या पत्नी पहिल्या रांगेत पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. त्या रडत होत्या असं लोकांना वाटलं. मी शेजारी होतो. त्या हसत होत्या. मग खरंच रडल्या.

तेराव्यानंतर त्यांनी मला बोलावून वही पुढ्यात टाकली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर नवीनच गाडी होती. मॉडेलच्या जागी भाईंच्या अक्षरात, "मुकादमची स्वतःची जीप. जुनी. वायरी जवळजवळ नाहीत. उंदीर उपाशी. इतक्या गाड्या विकून हा चालवतो हीच. विकतो का, विचारावे." मी कपाळावर हात मारला. ती जीप इतकी वर्षं आमच्या डोळ्यांसमोर शोरूमच्या मागे उभी असायची.

वहिनींनी त्याच दिवशी मुकादमला बोलावलं. "जीप विकतोस?"

"भाभी, ती विकायची नाय. बापाची आहे."

"मग गाड्या विकणारा कसला रे तू?"

मुकादमने वही वाचली. दोनदा वाचली. मग नाक पुसून त्याने जी किंमत सांगितली, ती वहिनींना घासाघीस करून वाढवावी लागली. "एक अट," तो म्हणाला, "पहिल्यांदा मी चालवणार."

गेल्या रविवारी आम्ही निघालो. वहिनी पुढे, मांडीवर वही. मी मागे, रिकाम्या क्रेटांमध्ये. जीप खडीवरून खडखडत गेली आणि फणसाच्या वळणावर गुरगुरून थांबली. लो गिअर टाकला तरी मागचं चाक जागीच फिरायला लागलं. मुकादम म्हणाला, "जरा उतरायला लागेल." मी उतरलो. वहिनींनी आपल्या गुडघ्यांकडे बघितलं, मग आमच्याकडे. "नऊ वर्षांनी वर निघालेय. मी उतरायची नाही. तुम्ही ढकला."

मुकादमने स्टिअरिंग वहिनींच्या हाती दिलं नाही, एवढंच नशीब. तो एका हाताने गाडी सांभाळत होता. खालून मी आणि आवाज ऐकून धावत आलेले बागेतले दोन गडी खांदा लावून ढकलत होतो. माझं वय सांगत नाही, पण तो खांदा अजून दुखतो. चाकाखाली कुणीतरी भाईंच्या क्रेटची फळी सरकवली. जीपने एक हिसका दिला, वळण घेतलं आणि कातळाच्या पाठीवरून थेट विहिरीपर्यंत गेली. मी धापा टाकत पोहोचलो तेव्हा वहिनी कलमाच्या खोडाला पाठ टेकून बसल्या होत्या. फांद्या त्यांच्या आठवणीपेक्षा बऱ्याच वर गेल्या होत्या. त्या कितीतरी वेळ वर बघत होत्या... आम्ही तिघे-चौघे उगाचच क्रेट भरू लागलो.

उतरताना त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं. आता वही माझ्या टेबलावर आहे, हा लेख लिहिण्यासाठी आणलेली. शेवटच्या पानावर भाईंच्या रेखीव अक्षरांपुढे, इतकी वर्षं कोऱ्या राहिलेल्या रकान्यात, गचके खाणाऱ्या जीपमध्ये लिहिलेला वहिनींचा वाकडातिकडा शेरा आहे:

"गाडी बरी आहे. माणूस हवा होता."